रेस दिली की इंजिन बसते. दोष कुठे शोधावा?

पावसाळा ओसरला की कोकणातील आंबा-काजूच्या बागांत गवत कापण्याची घाई सुरू होते आणि कित्येक महिने पडवीत पडून असलेले ग्रासकटर दुरुस्तीच्या दुकानांत येऊ लागतात. तक्रार बहुतेकांची एकच. यंत्र चालू होते, सावकाश चालतेही. पण रेस दिली की घोगरा आवाज काढून बसते. एके काळी लुना आणि चेतक दुरुस्त करणाऱ्या कारागीर बंधूंना आता हीच छोटी टू-स्ट्रोक इंजिने काम देऊ शकतात, म्हणून हा विषय आम्ही येथे घेत आहोत.

या तक्रारीवर पुष्कळ ठिकाणी ठरलेले उत्तर मिळते, "कार्बोरेटर बदला." गिऱ्हाईक पैसे मोजते, यंत्र चार दिवस चालते आणि पुन्हा बसते. दोष कार्बोरेटरमध्ये नव्हताच! असे गिऱ्हाईक पुढच्या हंगामात त्या दुकानाची पायरी चढत नाही आणि गावभर काय सांगते ते वेगळेच.

सावकाश चालताना इंजिनला थोडेसे पेट्रोल पुरते. रेस दिली की आत जाणारी हवा एकदम वाढते. त्या मानाने पेट्रोल आले नाही तर दम जातो. उलट हवाच अडली किंवा धुराला बाहेर पडायला वाट नसली तरी दम जातो. दोहोंपैकी काय आहे, हे पाना हातात घेण्याआधीच कळू शकते. इंजिन गरम झाल्यावर चोक अर्धा लावून रेस द्यावी. चाल सुधारली तर पेट्रोल कमी पडते आहे. आणखी बिघडली तर एअर फिल्टर आणि सायलेन्सर पाहावा. प्लगही साक्ष देतो. पांढरट असेल तर पेट्रोल कमी, काळा व ओला असेल तर जास्त, तपकिरी असेल तर ठीक.

पेट्रोल कमी पडत असेल तर तपास टाकीपासून सुरू करावा. यंत्र सरळ उभे ठेवून झाकण किंचित सैल करावे. तेवढ्याने दम परत आला तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे. खर्च काहीच नाही. नंतर टाकीतील नळीच्या टोकाचा फिल्टर पाहावा. नळी कडक होऊन तडकली असेल तर ती पेट्रोलऐवजी हवा ओढते. हे सारे ठीक निघाले तरच कार्बोरेटर उघडावा.

ग्रासकटरच्या कार्बोरेटरमध्ये बहुधा फ्लोट नसतो, डायफ्राम असतो. क्रँककेसमधील दाबाच्या चढउताराने तो हलतो आणि पेट्रोल ओढतो. डायफ्राम कडक झाला की सावकाश चालण्यापुरते पेट्रोल येते, रेसपुरते येत नाही. आतली बारीक जाळी साफ करून डायफ्रामचा संच बदलला तरी बहुधा भागते. मात्र पॅकिंग उलटे बसून दाबाचे छिद्र झाकले गेले तर कोरा कार्बोरेटरही पेट्रोल ओढणार नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या यंत्रांच्या रबराला मानवत नाही. पेट्रोलची वाट साफ असूनही प्लग पांढराच राहिला, तर क्रँकच्या ऑईल सीलमधून किंवा पॅकिंगमधून हवा शिरत असावी.

काही बागायतदार चोक अर्धा लावूनच दिवस ढकलतात. हे महागात पडते. या इंजिनाला ऑईल पेट्रोलबरोबरच मिळते. पेट्रोल कमी म्हणजे ऑईलही कमी आणि शेवटी पिस्टन जाम. दुसरे काही जण काळजीपोटी ऑईल जास्त ओततात. त्याने एक्झॉस्टच्या तोंडाशी काजळी साचते. ती खरवडताना पिस्टन वर आणून तोंड झाकावे, लाकडी काडी वापरावी. ऑईलचे प्रमाण कंपनीने सांगितले तेच ठेवावे. १:५० म्हणजे लिटरला २० मिलि, १:२५ म्हणजे ४० मिलि.

आणि इंजिन जोरात ओरडते पण पाते फिरत नाही, अशी तक्रार असेल तर यातले काहीच उघडू नये, क्लच पाहावा. हंगाम संपताच टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे, हे यंत्र परत देतानाच गिऱ्हाइकाला सांगून ठेवावे.