लाल गिळणारी भिंत

स्वयंपाकघराला गडद मोरपंखी रंग, शेडकार्डावरचा ‘डार्क टील’, द्यायचं ठरलं की घरात कंपनीची, किमतीची, फिनिशची चर्चा होते. दिवा कोणता लावणार, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळ्यात आधी तेच विचारायला हवं. ही भिंत प्रकाशातला तांबडा-नारिंगी भाग जवळजवळ सगळा गिळते आणि निळ्या-हिरव्यातलाही थोडाच परत देते. त्यामुळे तिच्यावर पडणारा प्रकाश बदलला की रंगच बदलल्यासारखा वाटतो.

हे गिळण्याचं काम बहुतेक वेळा थॅलोसायनिन नावाची रंगद्रव्यं करतात. त्यांचा शोध अपघाताने लागला. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथच्या एका रंग-कारखान्यात थॅलिमाइड हे पांढरं रसायन बनत होतं. ज्या भांड्यात ते बनत होतं त्याच्या आतल्या काचेच्या अस्तराला तडा गेला, खालचं लोखंड उघडं पडलं आणि मालात निळसर-हिरवी भेसळ दिसू लागली. तिथल्या रसायनतज्ज्ञांनी ती टाकून न देता तपासायला घेतली, हे आपलं भाग्य. पुढे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात पॅट्रिक लिन्स्टेड यांनी तिची रचना उलगडली. कार्बन आणि नायट्रोजनच्या अणूंचं एक मोठं कडं आणि मधोमध धातूचा अणू, अशी ती रचना आहे. हरितद्रव्य आणि रक्तातलं हीम यांच्या गाभ्यातलं कडंही याच घराण्यातलं. मधल्या लोखंडाच्या जागी तांबं बसवल्यावर गर्द निळा रंग मिळाला आणि १९३५ साली तो बाजारात आला. त्याच रेणूतल्या १६ हायड्रोजन अणूंपैकी बहुतेकांच्या जागी क्लोरीन घातला की निळ्याचा हिरवा होतो. हे दोन्ही रंग एकत्र करून थोडा काळा घातला की टील तयार.

प्रशियन निळा हा जुना रंग चुन्यावर किंवा ताज्या सिमेंटवर टिकत नाही. अल्क लागलं की तपकिरी पडतो. रसायनतज्ज्ञ शील यांनी १७७५ साली शोधलेल्या हिरव्या रंगात तर आर्सेनिक होतं. थॅलोसायनिन अल्कालाही दाद देत नाही आणि उन्हालाही.

आता दिव्याकडे येऊ. घरातल्या बहुतेक पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर असतो. त्यामुळे तिच्या प्रकाशात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचं शिखर, मग ४८० च्या आसपास खोल दरी आणि पुढे पिवळ्याचा रुंद डोंगर दिसतो. टील ज्या भागातला प्रकाश परत पाठवतो, तो भाग नेमका या दरीत आणि तिच्या काठांवर येतो. म्हणून खिडकीपाशी टवटवीत दिसलेली शेड रात्री मलूल वाटते. २७०० केल्विनच्या पिवळसर बल्बखाली निळं आणखी कमी, तिथे ती काळपट हिरवी होते. या रंगासाठी मी ४००० केल्विनच्या आसपासचा आणि ज्याच्या खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक) ९० किंवा अधिक लिहिलंय असाच दिवा घेईन.

प्रकाशाच्या हिशेबात आणखी एक गोष्ट येते. खोलीत प्रकाश एकदाच भिंतीवर आपटून थांबत नाही. सगळे पृष्ठभाग सरासरी ८० टक्के प्रकाश परतवत असतील, तर दिव्यातून निघालेले १०० एकक उलटसुलट फिरून भिंतींवर एकूण ५०० एककांइतके पडतात. सरासरी ५० टक्क्यांवर आली की २०० उरतात. सगळंच गडद करून ती १० टक्क्यांवर आणली, तर जेमतेम १११. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधल्या, डक्टकडे उघडणाऱ्या एकाच खिडकीच्या स्वयंपाकघरात चारही भिंती टील करणं मला अजिबात पटत नाही. सुरी हातात असताना उजेड कमी पडून चालत नाही. एक भिंत किंवा ओट्याखालची कपाटं रंगवावीत, छत पांढरं ठेवावं आणि ओट्यावर थेट प्रकाश टाकणारी पट्टी लावावी.

एवढं सांभाळलं तर हा रंग फार सुंदर आहे. दिवेलागणीला, बटण दाबण्याआधीच्या अर्धवट उजेडात डोळ्यातल्या दंडपेशी कामाला लागतात. त्यांची संवेदनक्षमता ५०७ नॅनोमीटरला, म्हणजे निळसर हिरव्याला सर्वाधिक असते. लाल झाकणं, टोमॅटो काळवंडतात, पण भिंतीची निळाई उठून येते. एकोणिसाव्या शतकात चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी हे नोंदवलं. आणि या भिंतीसमोर तांब्या-पितळेची भांडी ठेवून पाहाच. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यातले रंगाईप्रमुख शेव्ह्रल यांनी १८३९ सालच्या ग्रंथात दाखवलं होतं, की विरुद्ध रंग शेजारी आले की दोन्ही अधिक तेजस्वी दिसतात. नारिंगी तांब्याचा विरुद्ध रंग म्हणजे हाच निळा-हिरवा, आणि या भिंतीच्या निळ्या रेणूच्या मध्यभागीही तांबंच आहे.

रंगाऱ्याशी बोलताना मात्र तीन हातांची तयारी ठेवा. गडद शेडच्या बेसमध्ये झाकण्याचं काम करणारं पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड अगदी कमी असतं आणि थॅलोसायनिनचे बारीक कण पारदर्शकच असतात. पांढऱ्याऐवजी राखाडी प्रायमर मारला तर काम सोपं होतं. फिनिश सॅटिनचं घ्या, कारण फोडणीच्या तेलाची पिवळसर साय निळा प्रकाश शोषते आणि शेगडीमागची भिंत हळूहळू हिरवी दिसू लागते. सॅटिनवरची ती साय साबणाच्या कोमट पाण्याने पुसता येते. अगदी मॅट भिंत घासली तर तिथे चमकदार डाग उरतो.