दादासाहेब फाळके : कॅमेऱ्यापासून कंपनीपर्यंत

सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. कुणी जत्रेतल्या तंबूत, कुणी शहरातल्या थेटरात. पण आपल्या देशात सिनेमाचा धंदा ज्यांनी रुजवला, ते आपल्या नाशिककडचे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. लोक त्यांना दादासाहेब म्हणत.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृतचे पंडित. मुलाचा ओढा मात्र हातकामाकडे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रे काढायला आणि फोटो घ्यायला शिकले. पुढे त्यांनी गोध्र्याला फोटोचे दुकान काढले. सरकारी पुराणवस्तू खात्यात नोकरी केली. मग छापखाना घातला. तिथे भागीदाराशी पटेना, म्हणून तोही सोडला. हे भागीदाराचे प्रकरण लक्षात ठेवा. ते पुढे पुन्हा येणार आहे.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा मुका सिनेमा पाहिला. त्यांच्या मनात आले, पडद्यावर आपले राम-कृष्ण का दिसू नयेत? झाले! त्या दिवसापासून त्यांना दुसरे काही सुचेना. रोज सिनेमे पाहायचे आणि रात्ररात्र पुस्तके चाळायची. इतका ताण पडला, की डोळे जाण्याची वेळ आली. औषधोपचाराने डोळे सुधारले. मग त्यांनी विम्याचे कागद गहाण टाकले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये विलायत गाठली. कॅमेरा विकत घेतला, काम कसे चालते ते पाहिले आणि एप्रिलमध्ये परत आले.

आता हे काम असते तरी कसे, ते पाहू. पडद्यावरचे चित्र हलते असे आपल्याला दिसते. खरे म्हणजे ते हलत नसते. फिल्मच्या लांब पट्टीवर एकाखाली एक अशी लहान लहान स्थिर चित्रे असतात. एका फुटात सोळा. प्रत्येक चित्र आधीच्या चित्राहून किंचित वेगळे. ती भराभर डोळ्यांपुढून गेली, की आपल्याला माणूस चालताना दिसतो. पट्टी नीट सरकावी म्हणून तिच्या दोन्ही कडांना भोके असतात, आणि यंत्राचे दाते त्या भोकांत अडकतात. एका फुटाला एका कडेने चौसष्ट भोके! फाळक्यांच्या काळी ही भोके घरी पाडावी लागत, आणि तीही काळोखात. जरा उजेड लागला की फिल्म गेली.

ही भोके कोण पाडी? फाळक्यांची पत्नी सरस्वतीबाई. फिल्म धुण्याची औषधे त्या मिसळत. चित्रे घेताना उन्हात पांढरी चादर धरून पात्रांच्या तोंडावर उजेड पाडत. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक असेच. नवऱ्याचे नाव झाले. पण आम्हांला विचाराल तर, ही कंपनी दोघांची होती.

पैसा उभा करण्यासाठी फाळक्यांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर रोज एकेक चित्र घेतले. पडद्यावर पाहावे तो काय? वाटाण्याला मोड आला, पाने फुटली आणि बघता बघता वेल वर चढला! हे पाहून सावकाराचा विश्वास बसला. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले.

दादरला 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला. लांबी ३७०० फूट. म्हणजे जवळजवळ साठ हजार चित्रे! कॅमेरा फिरवायला त्यांनी आपले जुने स्नेही त्र्यंबक तेलंग यांना शिकवून तयार केले. तारामतीच्या कामाला बाई मिळेना. अखेर खाणावळीत काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थेटरात हा चित्रपट लागला आणि चालला.

त्याच साली फाळके बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले. पुराणातल्या गोष्टींना लागणारे घाट, देवळे, डोंगर इथे हाताशी होते. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमळाबाई यांनी कामे केली. बायका पडद्यावर आल्या त्या इथून. पुढच्याच साली महायुद्ध पेटले, सावकारांनी हात आखडले आणि कर्ज चढले. 'लंकादहन'ने १९१७ साली त्यांना तारले. त्यात राम आणि सीता दोन्ही साळुंकेच! तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगतात.

मग मुंबईचे धनिक पुढे आले. १९१८ साली नाशिकला 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' निघाली. आता पैशाची ददात नव्हती. पण भांडणे सुरू झाली. भागीदारांना खर्चाला आळा हवा, फाळक्यांना चित्र मनासारखे हवे. दोघांचेही थोडे थोडे खरे असावे. ज्याने भोके पाडण्यापासून सगळे घरात केले, त्याला दुसऱ्याला विचारून काम करणे जड गेले. ते कंपनी सोडून काशीला गेले. तिथे 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिले. १९२२ च्या सुमारास परतले. पण कंपनी आता पूर्वीसारखी त्यांच्या हातात राहिली नव्हती.

१९३१ साली सिनेमा बोलू लागला. फाळक्यांचा 'सेतुबंधन' मुका तयार झाला होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ साली कोल्हापूरच्या एका कंपनीसाठी त्यांनी 'गंगावतरण' हा बोलपट केला. तो शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा गाठीला फारसे काही उरले नव्हते. त्यांच्या नावाने सरकार मोठा पुरस्कार देऊ लागले ते १९६९ पासून. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारकही झाले आहे.

त्यांच्या बहुतेक फिल्मा नाहीशा झाल्या. १९१९ सालचा 'कालियामर्दन' मात्र बराचसा शाबूत आहे आणि पुण्याच्या सरकारी चित्रपट संग्रहात जपून ठेवलेला आहे. त्यात कृष्ण झालेले पोर म्हणजे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी.