जुना ट्रॅक्टर : दुरुस्त करावा कीं बदलावा ?

शहरांत स्थायिक झालेल्या पुष्कळ मराठी कुटुंबांची गांवाकडील जमीन अजून सुटलेली नाहीं. ती एखादा भाऊ कसतो, आणि मोठ्या खर्चाचा प्रश्न आला म्हणजे त्याचा निरोप शहरांतल्या भावाकडे येतो. त्यांतला एक निरोप असा असतो : “ट्रॅक्टरनें पुन्हां दगा दिला. दुरुस्तीला ९०,००० सांगतात. पैसे घालावेत कीं नवा घ्यावा ?” शहरांतल्या भावानें यंत्र पाहिलेलें नसतें. तो एक तर म्हणतो, “त्या खटाऱ्यावर आणखी पैसे कशाला ?” नाहीं तर म्हणतो, “अजून एक वर्ष काढ.” दोन्ही उत्तरें अंदाजाचीं असतात, आणि त्यांची किंमत हंगामांत मोजावी लागते. या प्रश्नाचा विचार कोणत्या क्रमानें करावा, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम वयाविषयीं. ट्रॅक्टरचें वय वर्षांनीं मोजण्याची आपणांस सवय आहे. पण यंत्राचें खरें वय तासांत असतें. शेतकी अभियांत्रिकीच्या हिशेबांत ट्रॅक्टरचें आयुष्य साधारणतः १० वर्षें अथवा १०,००० तास धरतात. आतां बारा एकरांच्या घरच्या शेतीवर ट्रॅक्टर वर्षाकाठीं ३०० तास चालला, तर पंधरा वर्षांत त्याचे ४,५०० तास होतात. उलट, साखर-कारखान्याला ऊंस वाहणारा आणि उरलेल्या दिवसांत गांवची भाड्याची नांगरट करणारा ट्रॅक्टर तेवढे तास चार-पांच वर्षांतच पुरे करतो. दोघांचे तास सारखे; सालें मात्र दहा वर्षांच्या अंतराचीं. म्हणून नोंदणी-पुस्तकावरील साल पाहून निकाल देऊं नये. तासांचा कांटा चालू असेल तर तो पाहावा. बंद असेल तर दरसालच्या कामावरून अंदाज बांधावा.

केवळ जुनेपणानें यंत्र निकालांत निघत नाहीं, याचें प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील आहे. हॅरी फर्ग्युसन यांचा टीई-२० हा राखी रंगाचा छोटा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळांत कॉव्हेंट्री येथें पांच लाखांहून अधिक संख्येनें तयार झाला, आणि त्यांतील कित्येक आजहि चालतात. त्याच्या इंजिनांतील लायनर, म्हणजे ज्या नळकांड्यांत पिस्टन वरखालीं होतो तें अस्तर, काढून नवें घालतां येतें. आपल्याकडील पुष्कळ ट्रॅक्टरांच्या इंजिनांतहि ही सोय आहे. झिजणारा भाग बदलतां आला म्हणजे बाकीचें यंत्र पुन्हां कामाला येतें.

मग प्रश्न असा उरतो कीं, बिघडतें आहे तें नेमकें काय ? दगा देणारे ट्रॅक्टर दोन तऱ्हांचे असतात. पहिल्या तऱ्हेंत यंत्राचें अंतरंग शाबूत असतें, पण बाहेरच्या लहानसहान गोष्टी छळतात. सकाळीं इंजिन सुरू होत नाहीं, कारण बॅटरीच्या टोकांवर क्षार चढलेला असतो किंवा तिची अर्थिंगची तार गंजलेली असते. चालतां चालतां इंजिन बंद पडतें, कारण डिझेलचा फिल्टर चोंदलेला असतो, पिंपांत साठवलेल्या डिझेलबरोबर टाकींत पाणी आलेलें असतें, किंवा एखाद्या सैल जोडांतून डिझेलच्या नळींत हवा शिरते. इंजिन तापतें, कारण रेडिएटरच्या जाळींत भुसा अडकलेला असतो. असल्या खोड्या चार महिन्यांत सहा वेळां झाल्या म्हणजे मालकाचा धीर सुटतो. परंतु त्या सर्व मिळून निस्तरण्यास फारसा खर्च येत नाहीं. एवढ्यासाठीं जो ट्रॅक्टर विकतो, त्याचें चांगलें यंत्र स्वस्तांत दुसऱ्याच्या दारीं जातें.

दुसरी तऱ्हा अंतरंगाच्या झिजेची. ती ओळखण्यास फार उपकरणें लागत नाहींत. धुराचा रंग पाहावा. ओढीच्या कामांत निघणारा काळा धूर हें डिझेल जास्त किंवा हवा कमी असल्याचें चिन्ह आहे. पुष्कळदां एअर क्लीनर स्वच्छ केल्यानें किंवा पंप व नोझल तपासून घेतल्यानें तो जातो. निळसर धूर मात्र इंजिनांतील वंगणाचें तेल जळत असल्याचें सांगतो; रिंगा व लायनर झिजल्याची ती बहुधा खूण असते. ब्रीदरच्या नळींतूनहि धूर जोरानें बाहेर येत असेल, तर त्या निदानाला दुजोरा मिळतो. ऑईलची पट्टी काढली असतां तेल दुधाळ दिसलें, तर त्यांत पाणी मिसळलें आहे असें समजावें, व कारण सांपडेपर्यंत तें इंजिन चालवूं नये. इंजिन तापल्यावर ऑईलच्या दाबाचा कांटा खालीं बसत असेल, तर बेअरिंगांकडे संशय जातो. उचलून धरलेला नांगर आपोआप झपाट्यानें खालीं येत असेल, तर हायड्रॉलिक लिफ्टमध्यें गळती आहे. ओढीला लावल्यावर गिअर निसटत असेल, तर गिअरबॉक्सची झीज झालेली आहे.

या पाहणीचा उपयोग असा : एकटें इंजिन झिजलें असेल, तर दुरुस्ती एका कामांत पुरी होते आणि तिला कांहीं अर्थ असतो. परंतु इंजिन, गिअरबॉक्स आणि लिफ्ट हीं तिन्ही थकलीं असतील, तर इंजिन नवें केल्यानें त्याचा वाढलेला जोर जुन्या गिअरबॉक्सवर येतो, आणि आज इंजिनावर घातलेले पैसे उद्यां दुसऱ्या खर्चाला वाट करून देतात. अशा वेळीं कारागिराकडून एका कामाचा नव्हे, तर तिन्ही कामांचा आंकडा एकदम मागावा.

सुटे भाग कोठें मिळतात, हीहि चौकशी आधींच करावी. फरीदाबाद येथें १९५९ मध्यें सुरू झालेला आयशर ट्रॅक्टर २००५ मध्यें चेन्नईच्या टॅफे कंपनीकडे गेला. १९७४ मध्यें पंजाबांत निघालेला स्वराज २००७ मध्यें महिंद्र कंपनीनें घेतला. मालक बदलले तरी हीं नांवें चालू राहिलीं. पिंजोरच्या एचएमटी ट्रॅक्टरचा कारखाना बंद करण्याचा निर्णय मात्र केंद्र सरकारनें २०१६ मध्यें घेतला. कारखाना बंद झाला म्हणून भाग तत्काळ संपत नाहींत. पण जो भाग तालुक्याच्या गांवीं मिळत असे तो दूरच्या बाजारांतून मागवावा लागला, तर एका दिवसाची दुरुस्ती आठवड्याची होते.

आतां हिशेब मांडूं. आंकडे समजुतीसाठीं घेतले आहेत. प्रत्येकानें आपले घालावेत. समजा, नवा ट्रॅक्टर ७,००,००० रुपयांना पडतो व दहा वर्षांनीं त्याचे ७०,००० येतात. म्हणजे दरसाल ६३,००० रुपयांची घट झाली. गुंतलेल्या सरासरी रकमेवर, म्हणजे ३,८५,००० रुपयांवर, १० टक्के व्याज धरलें तर ३८,५०० होतात. एकूण १,०१,५०० रुपये वर्षाला. दुसरीकडे, जुना ट्रॅक्टर आज १,५०,००० रुपयांना जातो. तो ठेवला तर त्या रकमेचें व्याज १५,००० आणि किंमतींतील घट १०,००० धरूं. इंजिनाच्या दुरुस्तीचे ९०,००० चार वर्षें पुरले तर वर्षाला २२,५०० पडतात. किरकोळ दुरुस्ती २०,०००. बेरीज ६७,५०० रुपये. डिझेल व चालक दोहोंकडे सारखेच मानले आहेत. वर्षाला ३०० तास काम असेल, तर नव्याचा तास सुमारें ३३८ रुपयांना व जुन्याचा २२५ रुपयांना पडतो. दुरुस्तीच्या बाजूनें ३४,००० रुपयांची बचत दिसते. काम १,००० तासांचें असेल तर चित्र पालटतें : नव्याचा तास १०२ रुपयांच्या आसपास येतो, आणि जुन्याची दुरुस्ती चार वर्षें टिकण्याची आशा राहत नाहीं.

या हिशेबांत एक रकाना अजून रिकामा आहे, आणि माझ्या मतें निर्णय त्याच रकान्यांत आहे. तो म्हणजे बिघाडाचा दिवस. मे महिन्यांत नांगरट चार दिवस लांबली तर फारसें बिघडत नाहीं. पण मृगाचा पाऊस पडून गेल्यावर काळ्या जमिनींत वाफसा येतो, तो थोडे दिवसच टिकतो. त्याआधीं चिखल, त्यानंतर पुन्हां पाऊस किंवा कोरडी ढेकळें. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर करावी असा कृषी-खात्याचा सल्ला असतो, आणि जुलैचा मध्य उलटल्यावर पेरलेल्या पिकाचें उत्पन्न घटतें. या अवधींत ट्रॅक्टर बंद पडून पेरणी हुकली व समजा, एकरीं एक क्विंटल उत्पन्न कमी आलें, तर ४,००० रुपये भावानें बारा एकरांचे ४८,००० रुपये गेले. दुरुस्तीनें वांचवलेले ३४,००० तेथेंच संपले.

म्हणून गांवाकडच्या भावाला पहिला प्रश्न “दुरुस्तीला किती ?” हा विचारूं नये. “गेल्या तीन वर्षांत तो कोणकोणत्या महिन्यांत बंद पडला, आणि वाफशाच्या दिवशीं तो बंद पडला तर कोण येईल ?” असें विचारावें. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर खात्रीनें मिळणार असेल, तर जुनें यंत्र दुरुस्त करून ठेवणें शहाणपणाचें. २०१४-१५ पासून केंद्र सरकारच्या कृषी यांत्रिकीकरणाच्या उप-अभियानांत भाड्यानें अवजारें देणाऱ्या केंद्रांना अनुदान मिळूं लागलें. गांवांत अशी अवजार-बँक असेल तर तिचाहि आधार घेतां येतो. मात्र वाफसा साऱ्या शिवाराला एकदमच येतो व त्या दिवशीं सर्वांनाच ट्रॅक्टर हवा असतो. तेव्हां बोलणी उन्हाळ्यांतच करून ठेवावी. एक मधला मार्गहि आहे : नांगरट, शेणखताची वाहतूक अशीं थांबूं शकणारीं कामें जुन्या ट्रॅक्टरनें करावीं, आणि पेरणी ठरवून भाड्याच्या ट्रॅक्टरनें करावी.

निर्णय करतांना दोन गोष्टी मनांतून काढून टाकाव्यात. पहिली, आजवर घातलेला पैसा. “गेल्या वर्षीं ४०,००० घातले, आतां कसा विकायचा ?” असें म्हणतात, पण ते ४०,००० ट्रॅक्टर ठेवला तरी परत येत नाहींत व विकला तरी येत नाहींत. विचार करावयाचा तो पुढील खर्चाचा. दुसरी, नव्या वस्तूचा मोह. नव्या ट्रॅक्टरचा हप्ता पाऊस पडला नाहीं तरी येतो. फिटलेला जुना ट्रॅक्टर दुष्काळांत गोठ्याशेजारीं उभा राहिला तर बँकेचें कांहीं मागणें नसतें. ज्या जमिनीला पाण्याचा भरंवसा नाहीं, तेथें या फरकाचें वजन मोठें आहे. कर कमी झाला म्हणून नवा घ्यावा, हा युक्तिवादहि एकेरी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण टायर व कित्येक सुट्या भागांवरील करहि १८ वरून ५ टक्क्यांवर उतरला.

एक बाब मात्र कोणत्याहि हिशेबांत घालूं नये, ती म्हणजे ब्रेक व स्टिअरिंग. भरलेली ट्रॉली घेऊन उतारावरून येणाऱ्या ट्रॅक्टरचे ब्रेक कच्चे असतील, तर ते त्याच दिवशीं दुरुस्त करावेत, किंवा तो ट्रॅक्टर रस्त्यावर नेऊं नये. तेथें चालवणाऱ्याचा जीव पणाला लागलेला असतो, आणि बहुधा तो आपला भाऊच असतो.

शेवटीं वेळेविषयीं. हा निर्णय रब्बीची काढणी आटोपल्यावर, चैत्र-वैशाखांत करावा. तेव्हां कारागिराला सवड असते, भाग मागवण्यास अवधि असतो, आणि विकावयाचा ठरला तर घाईचा भाव पत्करावा लागत नाहीं. गांवीं एक साधी वही ठेवावयास सांगावी : तारीख, बिघाड, खर्च आणि गेलेले दिवस. दोन हंगामांची अशी नोंद समोर असली म्हणजे शहरांतल्या भावालाहि पाठवलेले पैसे कशासाठीं गेले तें समजतें, आणि गांवच्या भावाला आपलें म्हणणें पुन्हां पुन्हां पटवून द्यावें लागत नाहीं.