वायूच्या आधी दाब बोलतो

मराठवाड्यात घनसावंगीकडे विहीर खोदताना मुरूम संपला की काळा पाषाण लागतो, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, मध्येच गेरूचा लाल पट्टा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे, म्हणजे बेसॉल्टचे, हे थर. त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम कार्बन डायऑक्साइडला खनिजात बांधून टाकतात. म्हणूनच नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालात भारतीय बेसॉल्टची या वायूसाठीची साठवणक्षमता ९७ ते ३१६ अब्ज टन धरली आहे.

आइसलँडमध्ये २०१२ साली पाण्यात विरघळवून सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांत खनिज झाला. पण टनभर वायूला सुमारे २५ टन पाणी लागते. मोसंबीच्या बागा टँकरने जगवणाऱ्या मराठवाड्याला ते परवडणारे नाही. अमेरिकेत वल्लुला येथे २०१३ साली पाण्याशिवाय, दाबाने दाट केलेला वायूच खाली सोडला. तो दाट राहायला सुमारे ८०० मीटर खोली हवी. किल्लारीला बेसॉल्ट ३३८ मीटरवर संपला, कोयनेच्या खोल विवरात १,२४७ मीटरपर्यंत लागला. जागा निवडताना हा फरक निर्णायक ठरतो.

पुढचा प्रश्न गळतीचा, आणि तिथे दाबमापकाइतका भरवशाचा पहारेकरी नाही. खडकाच्या पोकळ्यांत आधीच पाणी असते. वायू घुसला की ते दाबले जाते आणि ही दाबाची लाट वायूच्या कितीतरी पुढे पोचते. म्हणून एक मापक साठवण थरात, दुसरा वरच्या अभेद्य थराच्याही वर बसवतात. वरचा दाब विनाकारण चढू लागला, तर मधला थर गळतो आहे. नॉर्वेच्या स्नोव्हिट प्रकल्पात २००८ पासून वायू सोडताना दाब अपेक्षेपेक्षा भराभर चढला. तो मोजला जात होता, म्हणूनच २०११ मध्ये वायू वेळीच दुसऱ्या थरात वळवता आला.

आपल्या बेसॉल्टमध्येही असे मोजता येते. कोयना-वारणा परिसरात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९९०च्या दशकात २१ विंधनविवरे घेतली. तिथल्या काही विवरांत चंद्र-सूर्याच्या ओढीने होणारे बारीक चढउतारही पाण्याच्या पातळीत नोंदले गेले. हे नैसर्गिक चढउतार वजा केल्याशिवाय गळती ओळखता येणार नाही, म्हणून वायू सोडण्याच्या कितीतरी आधीपासून नोंदी हव्यात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. पाण्याच्या हिशेबाला ते ठीक. वायू पुरायचा असेल तर नोंद दर काही मिनिटांनी, अखंड व्हायला हवी, आणि ती आसपासच्या विहीरमालकांनाही पाहता यायला हवी.