एका रकान्यात न मावणारे दुःख

दिवाळी अंकात असला विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण हा अंधार आपल्या उंबरठ्यापासून फार लांब नाही, म्हणूनच लिहितो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा 2022 सालचा अहवाल मी वाचून काढला. त्या वर्षी देशात 1,70,924 माणसांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी 22,746 आपल्या महाराष्ट्रातली. इतर कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा. दर दहांत सात पुरुष. सुमारे दोन-तृतीयांश माणसे 18 ते 45 या वयातली, म्हणजे घराचा भार वाहणारी. रोजंदारीवर राबणारे चौथ्या हिश्श्याहून अधिक. आणि गृहिणी 25,309! कारणांत पहिला क्रमांक कौटुंबिक अडचणींचा.

पण कारण ठरते कसे? पोलीस पंचनामा करतात, डॉक्टर शवविच्छेदन करतात. विवाहितेच्या लग्नाला सात वर्षे झाली नसतील, तर कायदा अधिक कसून चौकशी करायला लावतो. मृत्यू कशाने झाला हे डॉक्टर सांगू शकतात. का झाला, ते घरच्यांच्या जबाबावरून ठरते. आणि घराला अब्रू असते! म्हणून ‘पोटदुखीला कंटाळून’ हे शब्द आपण वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे वाचत आलो. अनेक दुःखांची गुंतागुंत एका रकान्यात कोंबली जाते.

मग ‘ज्याचे त्याचे नशीब’ म्हणून गप्प बसायचे काय? मुळीच नाही. शेजारच्या श्रीलंकेत 1995 च्या सुमारास हे प्रमाण जगात अतिशय वरचे होते. सरकारने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि वीस वर्षांत ते सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरले. दुःखे काही संपली नव्हती. पण घातक वस्तू हाताशी नसली की तो वाईट क्षण टळतो, आणि त्यातून वाचलेली बहुतेक माणसे पुढे जगतात. आपल्याकडेही 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा माणसाला गुन्हेगार न समजता उपचारांचा हक्कदार मानले आहे.

वाचकहो, भाऊबीजेला बहीण भेटेल, तेव्हा ओवाळणी घालून लगेच उठू नका. गप्प झालेल्या भावाला, मेव्हण्याला, शेजाऱ्यालाही सरळ विचारा : ‘जगणे नकोसे वाटते का?’ विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट ओझे हलके होते. उत्तर ‘हो’ आले, तर उपदेश करू नका, एकटे सोडू नका. ‘टेली मानस’चा 14416 हा दूरध्वनी रात्रंदिवस विनामूल्य चालू असतो, तो त्यांच्यासोबत बसून फिरवा.