सुईमागची पट्टी

साठ-सत्तरच्या दशकांत विजेवर चालणारे रेकॉर्ड प्लेअर बेळगाव, निपाणी, खानापूरकडील घरांत येऊ लागले आणि त्यांच्याबरोबर गाणे ऐकण्याची संध्याकाळची बैठकही आली. कुमार गंधर्व तर आपल्याच मातीतले. 1924 साली बेळगावजवळच्या सुळेभावी येथे जन्मलेले, मातृभाषा कानडी, आणि मराठी रसिकांच्या गळ्यातले ताईत! त्यांचा स्वर तबकडीतून निघून कानी पडेपर्यंत एका चिमुकल्या वस्तूचे साहाय्य घेई. तिची आठवण मात्र कोणी काढीत नाही. सुईच्या मागे, त्या छोट्याशा डबीत, काडेपेटीतील काडीहूनही आखूड अशी एक पट्टी बसविलेली असे.

घराच्या सज्जाचे एक टोक भिंतीत पक्के आणि दुसरे अधांतरी असते. अशा रचनेस इंजिनियर कॅन्टिलिव्हर म्हणतात. ही पट्टी तशीच. सुई खाचेतून थरथरत जाई, पट्टीचे मोकळे टोक तिच्याबरोबर हले आणि पट्टी वाकताच तिच्या दोन पृष्ठांमध्ये विद्युतदाब उत्पन्न होई. चुंबकीय पिकअपच्या तुलनेत हा दाब जवळजवळ शंभरपट असे. म्हणूनच साध्या, स्वस्त यंत्रांत हीच योजना रूढ झाली.

काही स्फटिक दाबले की त्यांवर विद्युतभार येतो, हे 1880 साली पॅरिसमध्ये जाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी दाखविले. (पिएरना आपण मेरी क्यूरींचे यजमान म्हणूनच ओळखतो, हा त्यांच्यावर थोडा अन्यायच.) पुढच्याच वर्षी लिपमन यांनी गणिताने सांगितले की, याच्या उलटही घडलेच पाहिजे, विजेचा दाब दिला तर स्फटिकाने आपला आकार बदलला पाहिजे. क्यूरी बंधूंनी तेही लगोलग पडताळून पाहिले. यालाच दाबविद्युत म्हणतात.

पण आकारातील हा बदल फारच अल्प. तीन सेंटिमीटरची पट्टी वीज दिल्याने केसाच्या जाडीइतकीही लांबत नाही. मग उपयोग काय? येथे दोन पातळ पट्ट्या एकमेकींस चिकटविण्याची युक्ती कामी आली. उन्हात घातलेल्या पापडाची वरची बाजू आधी सुकून आकसते आणि त्याच्या कडा उचलल्या जातात, हे घरातील गृहिणीस सांगावयास नको. तसेच येथे होते. विजेने एक पट्टी लांबते, दुसरी आखडते, आणि जोडपट्टी वाकून तिचे मोकळे टोक अर्धा-पाऊण मिलिमीटर उचलले जाते.

आरंभीच्या पिकअपमध्ये रोशेल मिठाचे स्फटिक असत. त्यांना उष्णता सोसवत नसे आणि दमट हवाही नाही; आपल्याकडच्या आषाढात त्यांचा निभाव लागणे कठीणच. 1950 नंतरच्या दशकात शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या संयुगाची भाजलेली सिरॅमिक पट्टी आली व ही अडचण दूर झाली. एक मर्यादा मात्र राहिलीच. वाकवून तशीच धरून ठेवली, तर पट्टीवरील भार हळूहळू झिरपून जातो. सतत बदलणारे ते तिला कळते, स्थिर ते कळत नाही. गाण्याला ती मानवली ती यामुळेच.

उलट दिशेचे काम मला अधिक मोलाचे वाटते. संगणकास जोडावयाच्या ब्रेल फलकात प्रत्येक अक्षरघरात आठ टाचण्या असतात. सहा ब्रेलच्या, दोन जादा. प्रत्येक टाचणीखाली अशी एक पट्टी. सुमारे 200 व्होल्टांचा दाब दिला की ती वाकून टाचणी वर उचलते, आणि तशीच उचललेली ठेवण्यास वीज जवळजवळ लागत नाही. दृष्टिहीन वाचक त्या टोकांवरून बोट फिरवून ओळ वाचतो.

भारती ब्रेल 1951 साली मान्य झाली. तीत ध्वनी एक तर ठिपकेही एकच. मराठी ‘क’ आणि कानडी ‘क’, दोन्ही पहिला व तिसरा ठिपका. आपल्या बेळगावातला ‘ळ’देखील दोन्ही भाषांत तोच. ज्या भागात दुकानाच्या पाटीवरील लिपीवरून वाद पेटतात, तेथे बोटांना लिपीचा भेद कळतच नाही!

अडचण आहे ती किमतीची. चाळीस अक्षरांच्या फलकास 320 पट्ट्या लागतात आणि प्रत्येक अचूक जुळवावी लागते. त्यामुळे तो सामान्य घराच्या आवाक्याबाहेर राहिला आहे. अलीकडे निराळ्या युक्तीची स्वस्त यंत्रेही निघाली आहेत. तरीही आपल्या वाचनालयांनी निदान एकेक फलक ठेवावा. जाडजूड ब्रेल ग्रंथांची कपाटे त्याला लागत नाहीत. आणि वाचकाने पुढची ओळ मागितली की एक बारीकसा टकटकाट होतो व नवी अक्षरे बोटांखाली उभी राहतात.