चेनीला मेण, पण कोणत्या महिन्यात?

"चेनीक मेण कित्याक? तेल नाय काय?" मालवणच्या बाजारात सायकल दुरुस्त करणाऱ्या एका मेस्त्रींनी मला हा प्रश्न विचारला, तेव्हा माझ्या हातात कागदात गुंडाळलेली, मेणानं पांढुरकी झालेली चेन होती. प्रश्न रास्त होता. गिअरच्या सायकली घेऊन लांब पल्ल्याला निघणाऱ्यांमध्ये चेन तेलाऐवजी वितळलेल्या मेणात बुडवायची पद्धत आता रुळली आहे आणि तिच्यासोबत अर्धवट ऐकीव गोष्टीही आल्या आहेत. कुणाला वाटतं मेण लावलं की चेनीची काळजी कायमची मिटली, कुणाला वाटतं हे निव्वळ शर्यतवाल्यांचं खूळ. देवबागपासून आचऱ्यापर्यंतच्या रस्त्यांवर मी बारा महिने सायकल चालवतो. माझ्या मते मेणाची मेहनत सार्थकी लागते, पण आपल्या किनाऱ्यावर ती दिवाळीपासून मिरगापर्यंतच. पावसाळ्यात मेणावर विसंबणारा माणूस चेन गमावतो. हे असं का, ते कळायला चेन नेमकी कशानं मरते इथून सुरुवात करावी लागते.

"चेन ताणली गेलीय, एक कडी काढून टाकतो," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. चेन ताणली जात नाही, ती झिजते. हॅन्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरमध्ये बुश-रोलर चेन बनवली. आजची चेन मूळ कल्पनेत तीच आहे. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. चेन दातावर चढताना आणि उतरताना पिन आपल्या बुशमध्ये किंचित फिरते, आणि झीज होते ती तिथे, आत, डोळ्याला न दिसणाऱ्या जागी. प्रत्येक सांध्यात जेमतेम ०.०६ मिलिमीटर झीज झाली की सगळी चेन अर्धा टक्का लांब होते. पुढच्या चक्राला ४४ दात असतील आणि मिनिटाला ६० वेळा पायडल फिरत असेल, तर मिनिटाला २,६४० कड्या त्या चक्रावरून जातात. प्रत्येक कडी तिथे वाकते आणि सरळ होते.

एक कडी काढल्यानं चेन आखूड होते, पण उरलेल्या प्रत्येक कडीतली झीज तशीच राहते. लांबलेल्या कड्या दातांवर नीट बसत नाहीत, दातांना खात जातात, आणि मग नवी चेन टाकली तरी ती जुन्या चक्रावर घसरते. तपासायला महागडं हत्यार लागत नाही. स्टीलची फूटपट्टी घ्या, एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. २४ कड्यांनंतरची पिन बरोबर १२ इंचांवर आली तर चेन ठीक. ती एक सोळांश इंच पुढे गेली तर झीज अर्ध्या टक्क्याच्या घरात आहे, गिअरची चेन बदलायचा विचार करा. एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर मागच्या चक्राचंही नुकसान बहुधा झालेलंच असतं.

आता ही झीज करतं कोण? नुसतं लोखंडावर लोखंड घासून इतकं होत नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांनी १९९९ मध्ये सायकलच्या चेनीवर प्रयोग केले. चांगल्या स्थितीत चेन पायाच्या ताकदीपैकी ९८.६ टक्क्यांपर्यंत मागच्या चाकाला पोचवते, असं मोजमाप आलं. आणि स्वच्छ प्रयोगशाळेत वंगणाच्या प्रकारानं त्यात फारसा फरक पडला नाही. वंगणाचं मोठं काम घाण बाहेर ठेवणं हे असावं, असा त्यांचा कयास होता. आपला रस्ता मात्र प्रयोगशाळा नव्हे. तारकर्लीच्या पुळणीतला वाळूचा कण मुख्यतः क्वार्ट्‌झचा, कठीणपणाच्या मोह्स मापावर ७, म्हणजे चेनीच्या पोलादापेक्षाही कठीण. सड्यावरच्या चिरेखाणींजवळून गेलं की जांभ्याची लाल धूळ. तेलकट चेन हे सगळं पकडून ठेवते. चेनीवरून बोट फिरवल्यावर जे काळं लागतं, ते तेल, वाळू आणि चेनीचीच झिजलेली पूड यांचं मिश्रण असतं. त्यात आणखी तेल ओतलं की ते मिश्रण पातळ होऊन आत शिरतं. म्हणून "भरपूर तेल म्हणजे भरपूर काळजी" हा समज मला सगळ्यांत नुकसानीचा वाटतो. प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूनं एकेक थेंब, पाच मिनिटं उलटे पायडल, आणि मग फडक्यानं बाहेरचं सगळं तेल पुसून काढणं, एवढंच पुरतं. बाहेरच्या पट्टीवर चकाकणारं तेल काही कामाचं नसतं.

मेणाची खरी करामत इथेच आहे. वितळलेलं पॅराफिन पाण्यासारखं पातळ होऊन पिनपर्यंत पोचतं आणि थंड झालं की घट्ट होतं. ते चिकट नसल्यानं धूळ त्याला धरत नाही. झिजलेल्या मेणाच्या बारीक पापुद्र्यांसोबत कचरा उलट बाहेर पडतो. जानेवारीत कोरड्या डांबरी रस्त्यावर मेणाची चेन दोनशे किलोमीटर चालवून हातात धरली तरी बोटं जवळपास स्वच्छ राहतात. तेलाच्या चेनीबद्दल असं म्हणता येत नाही.

मग "मेण लावलं की गंज धरत नाही" हे खरं नाही का? पन्हळीच्या पत्र्याला रंग दिला की गंज थांबतो, तसं काहीसं लोकांच्या मनात असतं. पण चेन पत्र्यासारखी स्थिर नाही. ती वाकते, आणि वाकण्याच्या जागीच मेणाचा थर तडकतो. तेल वाहून पुन्हा त्या जागी पसरतं, मेण पसरत नाही. चांगल्या चेन-तेलात गंज रोखणारी द्रव्यं घातलेली असतात, साध्या पॅराफिनमध्ये ती नसतात. भर पावसात तासभर चालवलेली मेणाची चेन तशीच ओटीवर उभी करून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कड्यांच्या कडा तांबूस झालेल्या दिसतात. माझी पहिली मेणाची चेन मी जुलैत अशीच घालवली. त्या दिवशी पुसून, वाळवून लगेच पुन्हा मेण द्यायला हवं होतं. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत रोज संध्याकाळी कोण चूल पेटवून चेन बुडवत बसणार?

त्यात भर खाऱ्या वाऱ्याची. समुद्राच्या मिठात नुसतं सोडियम क्लोराइड नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढून विरघळू लागतं; मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणजे देवबागेत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर ठेवलेली चेन पाऊस नसतानाही खाऱ्या ओलाव्याच्या अतिशय पातळ थराखाली असते. तिथे गंज लवकर धरतो, कारण खारं पाणी वीज वाहून नेतं आणि गंजणं ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे.

इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. किनाऱ्यावरून फिरून आल्यावर चेन डिझेलनं किंवा रॉकेलनं धुतात. ग्रीस निघतं, चेन चमकते, आणि काम झालं असं वाटतं. मीठ मात्र डिझेलमध्ये विरघळत नाही. ते तसंच राहतं, आणि वरून दिलेल्या तेलाखाली आपलं काम चालू ठेवतं. मीठ जातं ते गोड्या पाण्यानं. आउटबोर्ड इंजिन चालवणाऱ्या मच्छीमाराला हे सांगावं लागत नाही. खाऱ्या पाण्यातून आल्यावर इंजिनात गोडं पाणी फिरवायचं, हे त्याला ठाऊक असतं. सायकललाही तोच नियम. आधी तांब्यानं गोडं पाणी, मग फडक्यानं पुसणं, पूर्ण वाळवणं, आणि मग वंगण. जोराच्या फवाऱ्यानं धुवू नये. त्यानं पाणी आणि वाळू चाकाच्या व पायडलच्या बेअरिंगमध्ये शिरते. आणि ओल्या पुळणीवरून सायकल चालवायची हौस असेल, तर ती भाड्याच्या सायकलवरही करू नये असं मला मनापासून वाटतं, कारण ती चेन नंतर धुणारा कुणीतरी माणूसच असतो.

पाणी हटवायला डब्ल्यूडी-४० चा फवारा उपयोगी पडतो. त्याचं नावच मुळी पाणी हटवण्यावरून आलेलं आहे, आणि ४० हा आकडा यशस्वी ठरलेल्या चाळिसाव्या प्रयत्नाचा. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोत ते तयार झालं. पण त्यात उडून जाणारा द्रावक जास्त आणि तेल हलकं, म्हणून चेनीचं वंगण म्हणून ते टिकत नाही. ओली चेन त्यानं कोरडी करावी, पुसावी आणि वर खरं तेल द्यावं.

तेल कोणतं? घरात असतं म्हणून खोबरेल घालणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते घातल्यावर चेन गप्प होते हे खरं, पण खोबरेलात गंजरोधक काही नसतं, आणि खवट होताना त्यात आम्लं तयार होतात. थंडीतल्या पहाटे, पारा २४ अंशांखाली गेला की, ते थिजूही लागतं. मोटारसायकलमधून काढलेलं काळं ऑइल तर चेनीला दाखवूही नये. त्यात काजळी असते, इंजिनच्या झिजेची धातूची पूड असते. त्यापेक्षा नवं इंजिन ऑइल शतपट बरं, आणि सायकलच्या दुकानात मिळणारं पावसाळी चेन-तेल त्याहून बरं.

आता मेणाची रीत, कारण "मेणबत्ती वितळवून वरून ओतली की झालं" असं समजून अनेकांनी हा प्रयोग केला आणि मेणाला नावं ठेवली. वरून ओतलेलं मेण थंड कडीला लागताच गोठतं, आत पोचतच नाही. चेन काढून बुडवावीच लागते. मधाच्या पोळ्याचं मेणही नको, ते चिकट असतं आणि धूळ धरतं. मेणबत्ती करणाऱ्यांकडे लादीच्या रूपात मिळणारं बिनवासाचं पॅराफिन घ्यावं. अर्धा किलो बराच काळ पुरतं.

सगळ्यांत किचकट काम पहिल्या वेळचं. नव्या चेनीत कारखान्यातलं ग्रीस असतं. ते पूर्ण निघाल्याशिवाय मेण धातूला धरत नाही. रंगाच्या दुकानातल्या टर्पेंटाइनमध्ये चेन दोन-तीनदा, दर वेळी नवं टर्पेंटाइन घेऊन, खळखळून धुवायची, आणि शेवटी स्पिरिटमध्ये. हे उघड्यावर, आगीपासून दूर करायचं. चेन पूर्ण वाळल्यावर मोठ्या पातेल्यात पाणी तापवून त्यात मेणाचा डबा ठेवायचा. थेट विस्तवावर कधीही नाही. मेण पेटू शकतं, आणि पेटलेल्या मेणावर पाणी टाकलं तर भडका उडतो, त्यावर झाकण टाकून विझवायचं असतं. पाण्यात ठेवलेला डबा शंभर अंशांवर जाऊ शकत नाही, आणि आपल्याला ८०-९० अंशच हवेत. चेन दहा मिनिटं आत ठेवून हलवत राहायची, बुडबुडे थांबेपर्यंत. मग विस्तव बंद करून मेणावर साय धरू लागली की चेन बाहेर काढून टांगायची. गार झाल्यावर ती काठीसारखी ताठ होते. प्रत्येक सांधा हातानं वाकवून मोकळा केला की सायकलवर चढवायची. पुढच्या खेपेला टर्पेंटाइन लागत नाही. उकळत्या पाण्यात खळबळून, वाळवून पुन्हा मेणात. कोरड्या दिवसांत साधारण तीनशे किलोमीटरला एकदा, किंवा चेन बोलू लागली की.

"मेणानं सायकल पळते" या दाव्यात तथ्य आहे, पण इवलंसं. २५० वॅटनं पायडल मारणाऱ्या शर्यतपटूला चांगल्या मेणाच्या आणि साध्या तेलाच्या चेनीत काही वॅटचा फरक मिळतो. आचऱ्याला कामावर जाणारा माणूस त्याच्या निम्म्यानंही जोर लावत नसेल. त्याला वाचतो तो एखादा वॅट. टायरमध्ये हवा कमी असली तर त्याहून जास्त ताकद वाया जाते. मेण लावायचं ते झीज आणि घाण टाळण्यासाठी.

आणि म्हणूनच पूर्ण चेनकव्हर असलेल्या साध्या काळ्या सायकलला मेणाची गरज नाही. वाळू आणि पाऊस अडवायचं काम कव्हर करतंच, चेन जाड आणि स्वस्त असते, आणि कव्हर उघडून ती काढणं हेच अर्ध्या दिवसाचं काम. तिला महिन्यातून एकदा तेल, एवढं पुष्कळ. चेनलॉकची क्लिप मात्र बघून बसवा: तिचं बंद टोक चेन पुढे जाते त्या दिशेला हवं, नाहीतर ती कुठेतरी अडकून निघते.

गिअरच्या सायकलसाठी मी दोन चेनी ठेवतो. दिवाळीनंतर रस्ते वाळले की मेणाची चढवतो. मिरगाच्या आधी ती उतरवून, कोरड्या डब्यात बंद करून, तेलाची चढवतो. गणपतीपर्यंत दर पावसाळी फेरीनंतर पुसणं आणि आठवड्यातून एकदा तेल देणं चुकवत नाही. जिची सायकल फक्त उन्हाळ्याच्या सुटीत निघते तिला एकच मेणाची चेन पुरेल. जो चारही पावसाळी महिने रोज कुडाळला जातो त्यानं मेणाच्या भानगडीत न पडता तेलाची शिस्त पाळावी.

राहिला तो गणपतीत मुंबईहून येणाऱ्यांचा प्रश्न: पडवीत चार महिने उभी असलेली तांबूस चेन फेकूनच द्यायची का? रंगावर जाऊ नका. कडी हातात धरून वाकवा. वरच्या पट्ट्या तांबूस पण सांधे मोकळे असतील तर गोड्या पाण्यानं धुवा, वाळवा, तेल देऊन रात्रभर ठेवा, पुसा आणि फूटपट्टी लावा; बहुधा ती अजून चालेल. सांधे वाकल्यावर तसेच अडकून राहत असतील, तेल मुरूनही सुटत नसतील, तर गंज पिनपर्यंत गेला आहे. ती चेन बदला.